ताईचा लॅपटॉप आणि आठ जीबीची रॅम

आपल्या होस्टेलमध्ये लॅपटॉप दोन प्रकारचे. एक, झाकण उघडलं की दहा सेकंदांत तयार होणारे. दुसरे, बटण दाबून ब्रश करून यावं, चहा घेऊन यावा आणि तरी गोल फिरतच राहावं असे. माझा दुसऱ्या प्रकारातला. माझा म्हणजे खरं तर ताईचा. तिनं २०१४ साली इंजिनिअरिंगला असताना एज्युकेशन लोनच्या पैशांतून घेतलेला. ती पास झाली, नोकरीला लागली, लोन फेडलं, आणि लॅपटॉप माझ्याकडे आला. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क. कोपऱ्यात तिच्या बॅचचं स्टिकर अजून तसंच आहे.

गेल्या सेमपर्यंत त्यावर निभलं. मग आमच्या ग्रुपला प्रोजेक्टसाठी अँड्रॉइड अॅप करायचं ठरलं आणि सगळं अडलं. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःच किमान ८ जीबी रॅम मागतं आणि माझ्याकडे निम्मी. एक बिल्ड टाकली की पंखा असा ओरडायचा की रूममेट म्हणायचा, "तुह्या लॅपटॉपमंधी सोयाबीनचं थ्रेशर बसोलं का बे?" पहिल्या रिव्ह्यूला गाइड सरांसमोर अॅप उघडलं, पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला. ग्रुपमधले दोघं माझ्याकडे पाहत होते. सर काही बोलले नाहीत, घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या ग्रुपला बोलावलं. ते जास्त लागलं.

२०२५ च्या दिवाळीत घरी गेलो. घर मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात. त्या पावसाळ्यात आमच्या वावरातलं सोयाबीन पाण्यात गेलं होतं. तरी मी तोंड वर करून नवीन लॅपटॉपचा विषय काढलाच. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बैल बसला म्हून लगेच बाजार दाखोते का कोनी? आंधी त्याचा चारा-पानी पाह्यतेत." मला राग आला होता. पण परत अमरावतीला येताना एस.टी.त विचार केला, की बाबांचं चुकलं कुठे? मी तरी लॅपटॉपचा चारा-पाणी कधी पाहिला होता? इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी म्हणवतो आणि पाच वर्षांत त्याचं मागचं झाकण एकदाही उघडलं नव्हतं.

त्यानंतर जे केलं, जे चुकलं आणि जे शिकलो ते इथे लिहितो आहे. ज्यांचा लॅपटॉप दुसऱ्या प्रकारातला आहे त्यांना उपयोग होईल.

रॅम कमी पडते म्हणजे नेमकं काय होतं?

आपण पहिल्या वर्षाला शिकतो की रॅम म्हणजे तात्पुरती मेमरी. परीक्षेत दोन मार्क मिळतात आणि विषय संपतो. पण रॅम भरल्यावर काय होतं, हे समजल्याशिवाय लॅपटॉप का रडतो ते कळत नाही.

रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम काम थांबवत नाही. ती रॅममधली सध्या न लागणारी पानं उचलून हार्डडिस्कवर ठेवते आणि लागली की परत आणते. विंडोजमध्ये याला पेजफाइल म्हणतात, लिनक्समध्ये स्वॅप. कल्पना उत्तम आहे, फक्त वेळेचा हिशोब भयंकर आहे. रॅममधून एक गोष्ट मिळायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्डडिस्कवर डोकं योग्य जागी सरकून, चकती फिरून ती गोष्ट खाली येईपर्यंत सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट.

एक लाख हा आकडा ऐकून काही वाटत नाही, म्हणून असं समजा. टेबलावरचं पुस्तक उचलायला तुम्हाला एक सेकंद लागतो. त्याच प्रमाणात हार्डडिस्कवरचं पुस्तक आणायला एक लाख सेकंद, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास लागतील. अमरावतीहून अकोला साधारण शंभर किलोमीटर. ताशी चार किलोमीटरनं न थांबता चालत निघालात तर पंचवीस तासांत पोहोचाल. म्हणजे टेबलावर जागा नाही म्हणून आपण एकेक पुस्तक अकोल्याला ठेवून दिलंय, आणि दर वेळी ते आणायला प्रोसेसर पायी निघतो आहे! माझ्या लॅपटॉपचा पडदा पांढरा होत होता तेव्हा तो बिचारा मूर्तिजापूरच्या आसपास कुठेतरी असणार.

एसएसडी असेल तर हाच प्रवास ढोबळमानाने १०० मायक्रोसेकंदांचा होतो. आपल्या हिशोबात सोळा-सतरा मिनिटं. म्हणजे चौकापर्यंत जाऊन येणं. हे पुढे लक्षात ठेवा, कामाला येईल.

थोडं आतलं

रॅमच्या चिपमध्ये प्रत्येक बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. ही साधी रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८ चं. १९७० मध्ये इंटेलनं ११०३ नावाची चिप बाजारात आणली, तिच्यात १०२४ बिट मावायचे. आज माझ्या हातात असलेल्या ८ जीबीच्या पट्टीवर १६ चिपा आहेत आणि प्रत्येकीत ४ गिगाबिट. गुणाकार केला तर ६,८७१ कोटींहून जास्त कपॅसिटर होतात. एवढीशी पट्टी, लांबी पावणेसात सेंटिमीटर.

कपॅसिटरमधला चार्ज टिकत नाही, गळतो. मे महिन्यात आपल्याकडे रांजण पाझरतो तसा. म्हणून मेमरी कंट्रोलर प्रत्येक ओळ दर ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरतो. यालाच रिफ्रेश म्हणतात आणि डायनॅमिक रॅममधलं 'डायनॅमिक' ते हेच. उष्णतेनं गळती वाढते, म्हणून चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की रिफ्रेश दुप्पट वेगानं करावा लागतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात गादीवर लॅपटॉप ठेवून, खालच्या जाळ्या बंद करून गेम खेळणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आधी निदान, मग औषध

रॅम टाकायच्या आधी रॅमच कमी पडते आहे का ते बघा. नाही तर पैसे जातील आणि आजार तसाच राहील.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी निवडा. आता रोजचं काम चालू करा, म्हणजे ब्राउझरचे नेहमीचे टॅब, नेहमीचं सॉफ्टवेअर, आणि पाच मिनिटं बघत बसा.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली असेल, तर रॅम कमी आहे. प्रोसेसर अकोल्याच्या वाऱ्या करतो आहे.

मेमरी ५०-६० टक्के आणि डिस्क मात्र १००, तर दोष हार्डडिस्कचा. एसएसडी टाका.

मेमरी आणि डिस्क दोन्ही निवांत, पण सीपीयू १०० टक्के असेल, तर प्रोसेसरच दमला आहे किंवा कुठला तरी प्रोग्राम वेडा झाला आहे. रॅम टाकून काही फरक पडणार नाही.

माझ्याकडे मेमरी ९६ आणि डिस्क १००. निदान पक्कं झालं.

त्याच पानावर खाली 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असतं. माझ्याकडे 'दोनपैकी एक' होतं. म्हणजे एक खिडकी रिकामी! ताईनं कॉलेजची चार वर्षं आणि मी पाच वर्षं, एका रिकाम्या स्लॉटवर बसून लॅपटॉपला शिव्या दिल्या. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये डीएमआयडीकोड ही आज्ञा मेमरीसाठी चालवावी, प्रत्येक स्लॉटमध्ये काय आहे ते छापून येतं.

इथे एक इशारा. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची झाळलेली असते. तिथे स्लॉटच नसतो. अशा लॅपटॉपला जन्मतः मिळालेली रॅम शेवटपर्यंत. म्हणून आता जे नवीन घेणार आहेत त्यांनी दुकानात रंग आणि वजन विचारायच्या आधी 'स्लॉट आहे का' हे विचारावं.

दुसरी तपासणी ऑपरेटिंग सिस्टिमची. जुन्या मशीनवर कोणी ३२ बिटचं विंडोज टाकून दिलेलं असेल, तर त्याचे पत्ते २ चा ३२ वा घात एवढेच, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरला जातात, म्हणून प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीन जीबीच दिसते. अशा ठिकाणी ८ जीबी टाकणं म्हणजे पाच किलोच्या पिशवीत दहा किलो ज्वारी भरणं. आधी ६४ बिट करून घ्या.

कोणती रॅम? शकुंतला आणि ब्रॉडगेज

आपल्या भागातल्या लोकांना हे समजवायला सोपं आहे. मूर्तिजापूर स्टेशनवर मुंबई-नागपूरची ब्रॉडगेज आणि अचलपूर-यवतमाळची नॅरोगेज शकुंतला, दोन्ही होत्या. अकोल्याला ब्रॉडगेजशेजारी खांडव्याकडे जाणारी मीटरगेज होती. रुळांतलं अंतर नॅरोगेजचं ७६२ मिलिमीटर, मीटरगेजचं १०००, ब्रॉडगेजचं १६७६. तिन्ही रेल्वेच, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालणार नाही. शकुंतला बंद पडली, अकोला-अकोट मार्ग २०२२ मध्ये ब्रॉडगेज होऊन सुरू झाला, पण उदाहरण आपल्या डोक्यातून जात नाही.

रॅमचंही तसंच. लॅपटॉपच्या छोट्या पट्टीला एसओ-डिम म्हणतात. डीडीआर-टू ला २०० पिना आणि १.८ व्होल्ट. डीडीआर-थ्री ला २०४ पिना आणि १.५ व्होल्ट. डीडीआर-फोर ला २६० पिना आणि १.२ व्होल्ट. डीडीआर-फाइव्ह ला २६२ पिना आणि १.१ व्होल्ट. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी कापलेली असते, म्हणजे चुकीची पट्टी बसणारच नाही. ढोबळ मानानं २०१० ते २०१५ मधले लॅपटॉप डीडीआर-थ्री चे, त्यानंतरचे बरेचसे डीडीआर-फोर चे. पण अंदाजावर जाऊ नका. जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा.

माझ्या पट्टीवर लिहिलं होतं: ४ जीबी, १आर×८, पीसी३एल-१२८००एस. याचा अर्थ असा. पीसी३ म्हणजे डीडीआर-थ्री. १२८०० म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२,८०० मेगाबाइट. वेग १६०० आणि एका वेळी ८ बाइट, दोहोंचा गुणाकार. शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपची छोटी पट्टी. १आर×८ म्हणजे एक रँक आणि प्रत्येक चिप ८ बिट रुंद.

मधला तो छोटासा 'एल' राहिला. तो मी तेव्हा वाचलाच नाही. बाराशे रुपये तिथेच गेले.

माझी बाराशेची चूक

शहरातल्या एका दुकानात गेलो आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "लॅपटॉपची डीडीआर-थ्री द्या, आठ जीबी, सोळाशे." त्यांनी मागितली ती दिली. वापरलेली होती, बाराशे रुपये. हे पैसे मेसचे होते. महिनाभर रात्री पोह्यांवर काढू, असा हिशोब केला होता.

रूमवर येऊन पट्टी बसवली. २०४ पिना, खाच बरोबर, टक् आवाज करून बसली. बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. पडदा काळा. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. काळा. हाताला घाम सुटला. दोन दिवसांनी दुसरा रिव्ह्यू, प्रोजेक्टचा कोड त्याच मशीनमध्ये, आणि बॅकअप? विचारू नका. रूममेट पलंगावरून म्हणाला, "आता कायले हात लावतं बे, राहू दे." त्या वेळी घरी फोन करायचीही हिंमत झाली नाही. लॅपटॉप गेला असता तर बाबांना काय सांगणार होतो?

नवी पट्टी काढून फक्त जुनी ठेवली. लॅपटॉप सुरू झाला. देवाशपथ सांगतो, त्या रात्री विंडोजचा तो गोल फिरताना पाहून जेवढा आनंद झाला तेवढा निकालाच्या दिवशीही झाला नसेल. सगळ्यात आधी कोड पेनड्राइव्हवर घेतला.

सकाळी लॅबमधल्या सरांना दोन्ही पट्ट्या दाखवल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि बोट ठेवलं. जुनीवर पीसी३एल, नवीवर नुसतं पीसी३. एल म्हणजे लो व्होल्टेज, १.३५ व्होल्ट. माझा चौथ्या पिढीचा मोबाइल प्रोसेसर, त्याच्या बोर्डवर रॅमला १.३५ व्होल्टच मिळतात. मी आणलेली पट्टी १.५ व्होल्टची. तिला पुरेसा दाबच नाही, ती बोलणार कशी? गंमत अशी की उलटं चालतं. एलवाली पट्टी १.५ व्होल्टच्या जुन्या मशीनमध्येही चालते. पण साधी पट्टी एलवाल्या मशीनमध्ये नाही. आणि खाच दोघींची एकाच जागी, त्यामुळे पट्टी बसते आणि माणूस फसतो. सर एवढंच म्हणाले, "शब्द पूर्ण वाचावा."

दुकानदाराचा दोष नव्हता, मागणी माझीच अर्धवट होती. पट्टी मात्र वाया गेली नाही. तळमजल्यावरच्या एका ज्युनिअरकडे त्याच्या काकांचा २०१२ चा, तिसऱ्या पिढीचा लॅपटॉप होता, १.५ व्होल्टवाला. त्याच्यात ती पहिल्या झटक्यात चालली. त्यानं हजार रुपये दिले. दोनशे रुपयांची शिकवणी झाली असं समजलो. स्वस्तातच पडली.

दुसऱ्या वेळी जुनी पट्टी खिशात घेऊन गेलो आणि लेबलाशी लेबल जुळवूनच पैसे दिले. पंधराशे लागले. आणखी एक गोष्ट पाहिली, ती म्हणजे चिपांची संख्या. ८ जीबीच्या पट्टीवर १६ चिपा असतील तर प्रत्येक ४ गिगाबिटची. काही पट्ट्यांवर ८ च चिपा असतात, प्रत्येक ८ गिगाबिटची. चौथ्या पिढीपर्यंतचे इंटेलचे मेमरी कंट्रोलर एवढ्या दाट चिपा ओळखत नाहीत. डीडीआर-थ्री घेताना २आर×८ आणि १६ चिपा बघून घ्या.

बसवायची कृती

१. लॅपटॉप पूर्ण बंद करा. झोपवणं म्हणजे बंद करणं नव्हे. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर साधं शटडाउनही अर्धवटच असतं. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा.

२. चार्जर काढा. बॅटरी निघत असेल तर काढा. मग पॉवरचं बटण वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज जातो.

३. अंगावरची स्थिर वीज घालवा. हिवाळा-उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी की टेरीकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. ती ठिणगी आपल्याला टोचते तेवढीच, पण चिपला मारू शकते. सुती कपडे घाला, प्लास्टिकच्या खुर्चीवर किंवा ब्लँकेटवर बसू नका, टेबल पुसून घ्या. पट्टीला हात लावायच्या आधी लॅपटॉपच्या पोर्टचा धातूचा भाग बोटानं शिवा, आणि मधूनमधून शिवत राहा. कूलर समोर असेल तर बंद करा, पाण्याचे तुषार आणि धूळ दोन्ही नकोत.

४. छोट्या स्टार पेचकसानं मागचे स्क्रू काढा. सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात घातला तर तो थेट बोर्डाला भिडतो. मी कोऱ्या कागदावर लॅपटॉपची मागची बाजू काढली आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी सेलोटेपनं चिकटवला. ड्रॉइंगचा पेपर कधीतरी कामाला आला. काही मॉडेलमध्ये रॅमसाठी वेगळं छोटं झाकण असतं, दोनच स्क्रूंचं.

५. आतली धूळ मऊ ब्रशनं काढा. माझ्या पंख्याच्या जाळीत कापसाचा तंतू आणि धूळ मिळून चक्क नमद्यासारखा थर झाला होता. थ्रेशरचा आवाज कुठून येत होता ते तेव्हा कळलं.

६. पट्टी कडेनं धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका. पिना काळवंडल्या असतील तर मऊ खोडरबर हलकेच फिरवा आणि कण झटकून टाका.

७. खाच जुळवून पट्टी साधारण तीस अंशांच्या कोनात स्लॉटमध्ये सरळ आत ढकला. सोनेरी पिना जवळपास दिसेनाशा व्हायला हव्यात. मग वरून खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक् करून बसतील. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय, थांबा.

८. झाकण लावायच्या आधी एकदा सुरू करून बघा. पहिल्यांदा पडदा यायला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागू शकतो. बायोसमध्ये बेरीज दिसली पाहिजे. माझ्याकडे ४ आणि ८ मिळून १२२८८ मेगाबाइट दिसले.

बसली म्हणजे संपलं असं नाही. वापरलेली पट्टी असेल तर मेमटेस्ट ८६ प्लस पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. हा मोफत प्रोग्राम प्रत्येक पत्त्यावर काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि फरक दिसला तर लाल ओळीत सांगतो. एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी परत करा. खराब रॅम लॅपटॉप बंद पाडते तेव्हा निदान कळतं तरी. ती गुपचूप तुमची फाइल बिघडवते तेव्हा कळतही नाही.

एक की दोन? हायवेचं उदाहरण

बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, की ८ ची एक पट्टी घ्यावी की ४-४ च्या दोन. जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती-अकोला हायवेवर, लोणी ते माना, ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. लांबी केवढीही असू द्या, एका लेनवरून एका वेळी एकच ट्रक शेजारी-शेजारी मावतो. दोन ट्रक बरोबरीनं जायला दुसरी लेन लागते. रॅमची दुसरी लेन म्हणजे ड्युअल चॅनल. दोन स्लॉटमध्ये दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोघींकडून एकाच वेळी माहिती घेतो. जास्तीत जास्त वेग दुप्पट. रोजच्या वापरात तेवढा जाणवत नाही, पण ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असेल, तर नक्की जाणवतो, कारण तोही याच रॅमवर जगतो.

माझ्यासारख्या ४ अधिक ८ जोडीत पहिले ४-४ मिळून ८ जीबी दोन लेनवर चालतात आणि उरलेले ४ एका लेनवर. म्हणजे जुनी पट्टी फेकायची गरज नाही. वेग वेगवेगळे असतील तर दोघी हळू असणारीच्या वेगानं चालतात. बैलजोडीचा नियम इथेही तोच.

काय मिळालं, काय नाही

आता खरं सांगतो, कारण जाहिरात करायची नाही. रॅम वाढवून लॅपटॉप सुरू व्हायचा वेळ जवळपास तेवढाच राहिला. कारण सुरू होताना सगळं हार्डडिस्कवरूनच यावं लागतं. पण एकदा सुरू झाला की चित्र बदललं. ब्राउझर, स्टुडिओ आणि रिपोर्टची फाइल एकत्र उघडी असताना मेमरी ५५ टक्क्यांच्या आसपास. बिल्ड चालू असताना दुसऱ्या खिडकीत टाइप करता येतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या रिव्ह्यूला अॅप उघडलं आणि उघडंच राहिलं. सरांनी या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही, प्रश्न विचारले. दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत, तो भाग वेगळा. त्याला रॅम काय करणार?

पुढच्या महिन्यात पैसे साठवून एसएसडीही टाकली. तेव्हा सुरू व्हायचा वेळही आटोक्यात आला. दोन्ही एकदम जमत नसेल तर वर दिलेलं निदान करा आणि जिथे दुखतंय तिथेच आधी खर्च करा.

ऑपरेटिंग सिस्टिमचा मुद्दा राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, त्यामुळे माझ्यासारख्यांना दार बंद. मी लिनक्स टाकलं. पहिला आठवडा चाचपडलो, नंतर सरावलो. अँड्रॉइड स्टुडिओ त्यावरही चालतं.

आणि भावाचं म्हणाल तर २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची एवढी मागणी केली की जगभर रॅमचे भाव चढले. नवी रॅम महाग झाली की जुन्या पट्टीलाही किंमत येते. म्हणून भंगारात लॅपटॉप देण्याआधी त्यातली पट्टी काढून ठेवा. कोणत्या तरी विंगमध्ये, कोणाच्या तरी रिकाम्या स्लॉटला ती लागेल.

घरी फोन करून सांगितलं, की नवीन लॅपटॉप नको, जुनाच चालतोय. बाबांनी विचारलं, "किती लागले?" सगळं धरून आकडा सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं झालं. जेवन करून राहिला ना बरोबर?" पोह्यांचं काही मी सांगितलं नाही. ताईला फोटो पाठवला तर तिनं एकच विचारलं, "स्टिकर काढलं नाहीस ना?" नाही काढलं.

तर मित्रांनो, ज्यांना आपला लॅपटॉप उघडून बघायचा आहे त्यांनी आधी बॅकअप घ्यावा, मग लेबल वाचावं, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावं. दुसऱ्या मजल्यावर माझ्याकडे छोटा स्टार पेचकस आहे. कोणीही घेऊन जा. फक्त परत आणून द्या, मागचा एक अजून आलेला नाही.